आजाराचे वजन करणारा तक्ता

“आमच्याकडे रुग्ण येतात तेच मुळी शेवटच्या घटकेला,” हे वाक्य मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात नेहमी ऐकू येते. पुष्कळदा ते खरेही असते. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला आणि तिथून शहरात हलवलेला रुग्ण आणि ठरल्या तारखेला चालत येऊन शस्त्रक्रिया करून घेणारा रुग्ण, दोघांना एका पारड्यात घालता येत नाही. पण न धुतलेल्या हातांवर आणि नळीतून रक्तात शिरलेल्या जंतूंवर पांघरूण घालायलाही हेच वाक्य कामी येते. कारण कोणते आणि सबब कोणती, हे ओळखायला माप लागते. अपाचे-2 नावाचा एक तक्ता हे माप पुरवतो. रुग्ण आला तेव्हा किती आजारी होता हे मोजल्याशिवाय रुग्णालयाच्या कामाचा निवाडा करता येत नाही, आणि म्हणून संसर्ग रोखण्याचे काम व आजाराची तीव्रता मोजण्याचे काम वेगळे काढता येत नाही, असे माझे मत आहे.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचे अशा तक्त्यावाचून अडले नाही. का अडले नाही, हे पाहण्यासारखे आहे. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. भरतीचे दिवस आलटून पालटून ठरलेले असत; त्यामुळे कोणती बाई कुठे जाणार हे तिच्या प्रकृतीवर नव्हे, वारावर ठरे. 1846 मध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात 11.4 टक्के बाळंतिणी दगावल्या, सुईणींच्या विभागात 2.8 टक्के. शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट बाळंतिणीकडे येत. मे 1847 पासून सेमेलवाइसनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि 1848 मध्ये आकडे 1.27 आणि 1.33 असे जवळजवळ सारखे झाले. ‘आमच्या बायकाच जास्त आजारी होत्या’ असे म्हणायला जागा उरली नाही, कारण वारांच्या वाटणीने दोन्ही पारडी आधीच समान केली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना असा योग लाभला नाही. 1863 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या रुग्णालयांचे मृत्युदर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा हिशेबाच्या पद्धतीवर टीका झालीच. शिवाय लंडनच्या रुग्णालयांत जास्त गंभीर रुग्ण जातात, त्याचे काय, असाही आक्षेप निघाला. आक्षेप रास्त होता. त्याला उत्तर देणारे माप मात्र तयार व्हायला शंभरावर वर्षे लागली.

वॉशिंग्टनच्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम नाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये अपाचेची पहिली आवृत्ती मांडली. तिच्यात 34 मोजमापे होती. रात्रपाळीच्या डॉक्टरला एवढे भरणे जिकिरीचे, म्हणून 1985 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती 12 वर आणली: ताप, रक्तदाब, नाडी, श्वास, रक्तातला प्राणवायू, आम्लता, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, हिमॅटोक्रिट, पांढऱ्या पेशी आणि शुद्धीची पातळी. पहिल्या 24 तासांतला सर्वांत वाईट आकडा धरायचा. समजा, 68 वर्षांचा रुग्ण आहे. ताप 39.2 अंश सेल्सिअस, त्याचे 3 गुण. नाडी 128, 2 गुण. श्वास मिनिटाला 36, 3 गुण. ग्लासगो मापावर शुद्ध 15 पैकी 13, म्हणून 2. वयाचे 5. बाकी सारे ठीक असले तरी बेरीज 15 होते; कमाल बेरीज 71. तक्त्याचा शहाणपणा असा की अंग गार पडले किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या, तरीही गुण चढतात. तीव्र संसर्गात शरीर कधी पेटते, कधी विझते, आणि दोन्ही धोक्याचेच.

या बेरजेवरून किती मृत्यू अपेक्षित होते ते काढता येते आणि प्रत्यक्षाशी ताडता येते. 1986 मध्ये नाउस यांच्या गटाने अमेरिकेतल्या 13 रुग्णालयांतील 5,030 रुग्णांचा असा हिशेब मांडला. एका रुग्णालयात 69 मृत्यू अपेक्षित असताना 41 झाले. दुसऱ्या एका ठिकाणी अपेक्षेपेक्षा 58 टक्के अधिक. फरकाचा संबंध यंत्रांशी किंवा नावलौकिकाशी नव्हे, तर डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातल्या समन्वयाशी दिसला. हाच समन्वय पुढे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कामाला आला. तिथे डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, घालताना आणि ठेवताना पाच गोष्टी पाळायला लावल्या: हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, क्लोरहेक्झिडीनने त्वचा पुसणे, जांघेतली शीर टाळणे, गरज संपली की नळी काढणे. पायरी चुकली तर परिचारिकेने डॉक्टरला थांबवायचे. हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, तो एक नळी-दिवस) सरासरी 7.7 असलेले रक्तसंसर्ग दीड वर्षात 1.4 वर आले.

यावर कोणी म्हणेल, मिशिगनला कुठे लागला तुमचा तक्ता? तिथे प्रत्येक विभागाची तुलना त्याच्याच मागच्या आकड्यांशी होती, हे खरे. पण इंग्लंडने तोच प्रयोग केला तेव्हा उपक्रम सुरू न झालेल्या विभागांतही संसर्ग घटताना दिसला. म्हणजे स्वतःचा भूतकाळ एवढेच माप पुरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: माणसाचा आकडा करू नये. मान्य. शंभर रुग्णांबद्दल तक्ता जे सांगतो, ते खाटेवरच्या एकाबद्दल सांगत नाही, आणि गुण जास्त म्हणून उपचार आखडता घेणे हा त्याचा दुरुपयोगच. शिवाय त्याची गणिते चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकी रुग्णांवर बसवलेली आहेत. सर्पदंश, लेप्टो, कीटकनाशकाची विषबाधा यांनी भरलेल्या आपल्या वॉर्डांसाठी ती पुन्हा तपासून घ्यावी लागतात. पण माप जुने झाले म्हणून तराजूच नको, असे कोणी दुकानदारही म्हणत नाही.

भारतातल्या सात शहरांमधल्या 12 अतिदक्षता विभागांनी 2007 मध्ये आपले आकडे प्रसिद्ध केले: हजार नळी-दिवसांमागे 7.92 रक्तसंसर्ग. ते लपवले नाहीत, यात त्यांचा मोठेपणा आहे. असे आकडे प्रत्येक रुग्णालयाने, आजाराच्या तीव्रतेच्या मापासह, दरवर्षी दारावर लावायला हवेत. तोवर, तुमचे माणूस आत असेल तर सकाळच्या फेरीनंतर डॉक्टरांना एवढे विचारा: ही नळी आजही लागणार आहे का?