हिवाळी भाजीची पूर्वतयारी

कोबी, फुलकोबी, टोमॅटो या थंडीतल्या भाज्या. तेव्हा थंडी पडू लागली म्हणजे त्यांचे बी पेरावे, असा शहरातील पुष्कळ हौशी गृहस्थांचा समज असतो. दिवाळीचे पाहुणे परतले, पहाटे शाल पांघरावीशी वाटू लागली, की बियांच्या पुड्या घरात येतात. रोपे उगवतात, पाने भरघोस येतात; आणि ऐन गड्डा धरण्याच्या वेळी फाल्गुनाचे ऊन तापू लागते. मग दोष कधी खताला, तर कधी बी विकणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः चुकलेला असतो तो दिवसांचा हिशेब.

पुण्यासारख्या पठारावरील गावी खरी थंडी डिसेंबर व जानेवारी या दोनच महिन्यांची. त्या काळात रात्रीचे तापमान सरासरीने ११-१२ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. मार्चच्या मध्यास दुपारचा पारा ३५ अंशांच्या घरात गेलेला असतो. आता ‘गोल्डन एकर’ ही कोबीची लवकर येणारी जात घ्यावी. तिचे रोप वाफ्यात चार ते पाच आठवडे वाढते आणि लावणीनंतर गड्डा भरण्यास ६० ते ७० दिवस लागतात. म्हणजे बियापासून गड्ड्यापर्यंत सुमारे १०० दिवस झाले. जानेवारीच्या आरंभी कोबी ताटात यावयाचा, तर बी सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात, उत्तरा नक्षत्र सरून हस्त लागण्याच्या सुमारास, मातीत पडले पाहिजे. तेच बी नोव्हेंबरच्या अखेरीस पडले, तर मार्च उजाडतो. खत विकत मिळते, पाणी विहिरीतून काढता येते. थंडीचे गेलेले आठवडे मात्र कोठूनही आणता येत नाहीत.

इंग्रजी पुस्तकांतही लवकर पेरणीचा उपदेश असतो. पण त्याचे कारण निराळे. तिकडचा माळी हिवाळा सरता सरता काचेच्या घरात बी पेरतो, ते हिमतुषार चुकविण्यासाठी. आपल्याकडे आडोसा करावयाचा तो पावसाचा मारा आणि ऑक्टोबरचे ऊन यांच्यापासून. उबेची वाण येथे नाही. टोमॅटो, वांगी व मिरची यांचे बी २५ ते ३० अंशांत उत्तम रुजते आणि ती ऊब सप्टेंबरात आयतीच असते.

रोपांसाठी गादीवाफा करावा. तीन फूट रुंद आणि जमिनीपासून सहा इंच उंच एवढा तो असला, म्हणजे पावसाचे पाणी मुळाशी साचत नाही. अंगण नसेल, तर तळाला भोके पाडलेला डबा किंवा लाकडी खोके पुरते. माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळावे. दोन ते तीन इंच अंतराने रेघा ओढून बी विरळ टाकावे. वर अर्ध्या इंचाहून कमी मातीचा थर द्यावा आणि बारीक झारीने पाणी घालावे. कोबी चार ते सहा दिवसांत डोके वर काढतो. मिरचीला आठ-दहा दिवसही लागतात. तेवढा धीर न धरता माती उकरून पाहणे हे बियाला मारकच होय.

या दिवसांतील मोठा शत्रू म्हणजे रोपांची मर. सकाळी टवटवीत दिसलेले रोप सायंकाळी देठाशी सडून आडवे पडते. ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीचे हे काम. दाट पेरणी आणि सायंकाळचे पाणी या दोन गोष्टी तिला फार मानवतात. यास्तव पेरणी विरळ असावी आणि पाणी सकाळी द्यावे. मातीत ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळल्यानेही मर आटोक्यात राहते. टोमॅटोच्या वाफ्यावर बारीक जाळीही ताणावी. कारण पाने चुरडून टाकणारा रोग पांढरी माशी घेऊन येते.

आडोसा म्हणजे अंधार नव्हे. नवरात्रात घटाभोवती पेरलेले धान्य नवव्या दिवशी उंच, नाजूक व पिवळसर दिसते. देवघरातील मंद प्रकाशाचा तो परिणाम. देवापुढे ते शोभते. बागेत तसले रोप टिकत नाही. म्हणून सर येईल तेव्हा छप्पर घालावे, सर ओसरताच काढावे. सकाळचे ऊन रोपांना मिळालेच पाहिजे.

फुलकोबीच्या बाबतीत जातीचाही विचार हवा. हे पीक इंग्लंडातून १८२२ साली सहारनपूरच्या बागेत आले आणि पुढे उत्तर हिंदुस्थानच्या मैदानात उष्णता सोसणाऱ्या देशी जाती तयार झाल्या. ‘पुसा दीपाली’सारखी हळवी जात २० ते २७ अंशांत गड्डा धरते, म्हणून तिचे बी पावसाळ्याच्या तोंडी पडते. ‘स्नोबॉल’ ही गरवी जात वर्षातील सर्वांत थंड आठवड्यांतच नीट भरते. हळवी जात उशिरा पेरली किंवा रोप वाफ्यातच म्हातारे होऊ दिले, तर बटणाएवढे गड्डे मिळतात.

सर्वच भाज्यांना हा खटाटोप नको. मुळा व गाजर यांचे सोटमूळ उपटताना दुखावते आणि पुढे त्याला फाटे फुटतात. मेथी व वाटाणाही जागच्या जागीच पेरावा. कांद्याचे बी मात्र दरवर्षी ताजे घ्यावे, कारण त्याची उगवणशक्ती वर्षभरातच घटते. कोणत्याही जुन्या बियाची परीक्षा सोपी आहे. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. निम्मेही मोडावले नाहीत, तर पुडी टाकून द्यावी.

लावणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून रोपे काटक करावीत. लावणी ऊन उतरल्यावर करावी आणि लगेच पाणी द्यावे. एवढे झाले, म्हणजे कार्तिकातील पहिला गारवा येतो तेव्हा रोपे मूळ धरून त्याची वाट पाहत असतात. ज्याला थंडीची भाजी खावयाची आहे, त्याने छत्री मिटण्यापूर्वीच बियाची पुडी उघडलेली असावी.