स्पर्शातून उपजणारी वीज

हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पॉलिएस्टरचा सदरा अंगावरून काढताना तडतड असा आवाज होतो. खोलीत अंधार असल्यास बारीक ठिणग्याही दिसतात. हा चमत्कार मानवास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. घासलेले अंबर गवताची काडी ओढून घेते, म्हणून संस्कृतात त्यास तृणमणी म्हटले गेले. अंबर म्हणजे झाडाची अश्मीभूत राळ. आजच्या नायलॉन, पॉलिथिनप्रमाणे तेही बहुवारिकच होय.

वस्तुतः घासण्याची आवश्यकता नसते. दोन पृष्ठभाग एकमेकांस टेकून विलग झाले की एकावर धन व दुसऱ्यावर ऋण विद्युतभार उरतो. घासल्याने स्पर्शाच्या जागा वाढतात, इतकेच. कोणत्या पदार्थावर कोणता भार येईल याचा क्रम योहान विल्के यांनी १७५७ मध्ये मांडला. अशा क्रमात काच व नायलॉन धन टोकाकडे, तर टेफ्लॉन ऋण टोकास असते. परंतु बहुवारिकांत मुक्त इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात. मग भार वाहून कोण नेतो? इलेक्ट्रॉन, आयन, की पृष्ठभागावरून सुटलेले पदार्थाचे सूक्ष्म कण, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही.

एकाच पृष्ठभागावर धन व ऋण भारांचे अतिसूक्ष्म ठिपके शेजारी शेजारी असतात, असे २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना आढळले. ऑस्ट्रियातील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेले निरीक्षण तर अधिकच विलक्षण आहे. एकाच सिलिकोन बहुवारिकाचे सारखे तुकडे घेतले, तरी ज्या तुकड्यास पूर्वी अधिक वेळा स्पर्श घडलेला असतो तो ऋणभारित होतो. जणू पृष्ठभागास आपला पूर्वेतिहास स्मरतो!

बहुवारिके विद्युत्‌रोधक असल्याने त्यांवरील भार सहजी निघून जात नाही. दमट हवेत तो हळूहळू ओसरतो. म्हणून कृत्रिम धाग्यांच्या गिरण्यांत हवा मुद्दाम ओलसर ठेवतात. पेट्रोलच्या बाबतीत मात्र हा भार जिवावर बेतू शकतो. नळीतून वाहताना पेट्रोल भारित होते, साध्या प्लॅस्टिकच्या डब्यातून तो भार जमिनीत उतरत नाही आणि बाष्प पेटण्यास हातालाही न जाणवणारी ठिणगी पुरते. यास्तव धातूचा डबादेखील वाहनात ठेवून भरू नये. तो जमिनीवर ठेवावा आणि भरणे संपेपर्यंत नळीचे तोंड डब्यास टेकलेले असावे.