एक्सरे साफ, तरी मान का दुखते?

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या धावू लागतात. रात्री मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो. महामार्गावर वाहन मागून आदळते, गावच्या रस्त्यावर गतिरोधक न दिसल्याने मोटारसायकल उडते. हाड मोडले तर सगळे धावपळ करतात. मानेला नुसता हिसका बसला असेल, तर "एक्सरेत काही नाही" म्हणून विषय संपतो. आम्ही वस्त्यांवर आरोग्याच्या बैठका घेतो, तिथे बायका सांगतात: महिना झाला, मान वळत नाही आणि मुकादम म्हणतो, कामाचा कंटाळा. म्हणून या वेळी मानेच्या हिसक्याविषयी.

आत काय होते?

आपले डोके चार-पाच किलोचे असते. ते सात मणक्यांवर तोललेले असते. मणक्यांच्या मधल्या चकत्या, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि भोवतीचे स्नायू हा भार धरून ठेवतात. मागून धडक बसली की धड पुढे ढकलले जाते आणि डोके मागे राहते. मान मागे वाकते आणि लगेच पुढे फेकली जाते. हे अर्ध्या सेकंदाच्या आत घडते. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. ते ताणले जातात, अस्थिबंध मुरगळतात. चाबकाच्या फटकाऱ्यावरून डॉक्टर याला 'व्हिपलॅश' म्हणतात.

मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, ट्रॉलीत बसलेले मजूर, जीपच्या मागच्या आडव्या बाकावरचे प्रवासी यांच्या मानेमागे कसलाच आधार नसतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढताना पाय घसरला, तरी मानेचे स्नायू असेच ताणले जातात.

एक्सरेत हाड दिसते. स्नायू आणि अस्थिबंध त्यात दिसत नाहीत. 'एक्सरे साफ' याचा अर्थ हाड मोडलेले दिसत नाही, इतकाच. इजा झालीच नाही, असा तो अर्थ नव्हे. एमआरआयमध्येही अनेकदा काही सापडत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्यासाठी कर्ज काढू नका.

दुखणे बऱ्याचदा त्याच वेळी सुरू होत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मान आखडते. डोक्याची मागची बाजू आणि खांदे दुखतात, चक्कर येते, झोप लागत नाही. "काल तर बरी होतीस" असे म्हणून कुणी हसू नये.

हे दिसले तर थांबू नका

हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा. चालताना तोल जाणे. लघवी-संडासवर ताबा न राहणे. मानेच्या मधोमध हाडावर तीव्र वेदना. बेशुद्धी किंवा वारंवार उलट्या. वय ६५ च्या पुढे. यातले काहीही असले तर जखमीला उचलून बसवू नका. डोके आणि मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा.

घरी काय करावे?

धोक्याची लक्षणे नाहीत आणि डॉक्टरांनी तपासले आहे, असे धरून पुढचे वाचा.

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा. नंतर कोमट शेक चालेल. पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात घ्या. मेडिकलमधून मिळणाऱ्या मिक्स गोळ्या रोज खाऊ नका. त्यांनी जठर आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो.

पूर्वी पट्टा बांधून पडून राहायला सांगत. आता तसे नाही. पट्टा आठवडेच्या आठवडे बांधला की स्नायू कमजोर होतात आणि मान जास्तच आखडते. दिवसातून चार-पाच वेळा मान सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, सोसेल तेवढीच फिरवा. थोडे दुखले तर घाबरू नका, कळ हातात उतरली तर थांबा. चालणे आणि घरातली हलकी कामे सुरू ठेवा. डोक्यावर हंडा, भारा किंवा मोळी घेणे मात्र सगळ्यात शेवटी.

सलूनमध्ये किंवा जाणत्याकडून मान 'मोडून' घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही.

बहुतेकांची मान काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बरी होते. काहींना जास्त काळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हाडांच्या विभागात दाखवा आणि फिजिओथेरपीबद्दल स्वतः विचारा.

कागद का हवा?

जी इजा एक्सरेत दिसत नाही, तिला कागदाशिवाय पुरावा नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, अपघाताची एमएलसी नोंद करायला सांगा आणि मान दुखत असल्याचे केसपेपरवर लिहून घ्या. वेदना दुसऱ्या दिवशी सुरू झाली तर पुन्हा जाऊन लिहून घ्या.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी किंवा नेहमीची कामे करू न देणारी दुखापत 'गंभीर दुखापत' मानली आहे. हाड मोडलेच पाहिजे, अशी अट नाही. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर गंभीर दुखापतीसाठी सरकारी योजनेत ५०,००० रुपये भरपाई आहे. वाहन सापडले तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा. किती दिवस कामावर जाता आले नाही, हे डॉक्टरांकडून तारखांसह लिहून घ्या. उचल घेऊन आलेल्या जोडप्यातला एक जण आजारी पडला की अख्ख्या 'कोयत्या'चे काम थांबते. बुडालेली मजुरी मागायला हाच कागद लागतो. केसपेपर, गोळ्यांच्या पावत्या आणि एक्सरे एका पिशवीत एकत्र ठेवा.