विश्लेषण : गिझरच्या तांब्याच्या पाइपचा जोड आवळूनही का गळतो?

नट आवळला, दोन दिवस थेंब थांबले आणि तिसऱ्या दिवशी फरशी पुन्हा ओली! गिझरच्या तांब्याच्या कनेक्शन पाइपबाबत असे अनेकदा होते. कारण प्रत्येक जोडात पाणी आट्यांवर अडत नाही. ते कुठे अडते हे कळले, तर दुरुस्ती बऱ्याचदा एका वायसरवर भागते.

एवढ्याशा गळतीची चिंता का?

सेकंदाला एक थेंब आणि 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सुमारे 4.3 लिटर, महिन्याला जवळपास 130 लिटर पाणी वाया जाते. त्यात शेजारीच विजेचे उपकरण असते.

पाणी नेमके कुठे अडते?

तांब्याचा पाइप पातळ असल्याने त्यावर आटे पाडत नाहीत. आटे असतात ते पितळी नट आणि निपलवर. पाइपच्या टोकाला असलेल्या नटाच्या आत वायसर असतो आणि पाणी तोच अडवतो. नट त्याला फक्त दाबून धरतो. त्यामुळे इथे आट्यांवर टेप गुंडाळून उपयोग नाही. भिंतीतल्या एल्बोमध्ये बसलेल्या निपलचे उलटे आहे. तिथे पाणी आट्यांवरच अडते, म्हणून टेफ्लॉन टेप लागते.

गळती कशी शोधायची?

जोड फडक्याने कोरडे करा आणि प्रत्येकावर टिश्यू पेपर गुंडाळा. थेंब खाली पडत असला, तरी गळती वर असू शकते. जो कागद आधी भिजेल, तो जोड दोषी. हिरवट डाग किंवा पांढरा क्षार ही जुन्या गळतीची खूण.

दुरुस्ती कशी करायची?

- गिझरचा एमसीबी बंद करा. पाणी गार होऊ द्या, अँगल कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा. खाली बादली ठेवा.
- नटाचा जोड असेल तर जुना वायसर काढा, बैठक पुसा, त्याच मापाचा नवा बसवा. गरम बाजूला उष्णता सोसणारा वायसर घ्या.
- निपलचा जोड असेल तर जुनी टेप पूर्ण काढा. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाच-सहा वेढे द्या.
- नट आधी हाताने बसवा. मग एका पान्याने जोड धरून दुसऱ्याने बेताने आवळा. टेपचा जोड आवळल्यावर मागे फिरवू नका, पुन्हा गळेल.
- नळातून सलग धार आल्यावरच गिझर सुरू करा.

जास्त आवळले तर?

वायसर चिरडतो, आटे खराब होतात. तांबे वारंवार वाकवले तर कडक होऊन तडकते. तडा दिसला तर पाइपच बदला.

कुठे हात लावू नये?

पाणी तापताना गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे. तापलेले पाणी प्रसरण पावते, वाढलेला दाब तिथून बाहेर पडतो. तो मार्ग बुजवू नका. स्वयंपाकघरातील पाइप गॅसची नळीही अनेकदा तांब्याचीच असते. तिथे मात्र हा प्रयोग नको. वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर येऊन गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.