सुपारी उशीवर फुटत नाही

हिरवा दिवा लागला, हात वर आला, ट्रिगर दाबला आणि नुसतं 'टक्'. बार नाही, मनगटाला झटका नाही.

२५ मीटर पिस्तूलच्या दुसऱ्या टप्प्यात दिवा ७ सेकंद लाल असतो आणि ३ सेकंद हिरवा. त्या ३ सेकंदांत हात पंचेचाळीस अंशांवरून उचलायचा आणि एकच गोळी मारायची. अशा घाईत 'टक्' ऐकू आलं की पिस्तूल जवळ ओढून आत काय झालंय ते बघावंसं वाटतं. नेमकं तेच करायचं नसतं. काडतूस क्वचित उशिरा पेटतं. मी नळी टार्गेटकडेच धरली, बोट ट्रिगरवरून काढलं आणि डावा हात वर केला. मनात ३० आकडे मोजले. मग रेंज ऑफिसरसमोर काडतूस बाहेर काढलं. त्याच्या कडेवर पिनेची खूण होती, म्हणून मिसफायर नियमात बसला आणि मालिका पुरी करायला मिळाली. खूणच नसती तर माझ्याकडेच संशयानं पाहिलं गेलं असतं.

ती क्लबची साधी स्पर्धा होती, त्यामुळे फार काही बिघडलं नाही. पण पुढच्या सरावात ५० काडतुसांच्या एका डब्यात ६ फुसकी निघाली. कोल्हापुरात नेमबाजीची चर्चा चहाच्या गाड्यावरही होते. इथल्याच राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकाराचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून तर जास्तच. साहजिकच सल्ले भरपूर मिळाले, आणि सगळ्यांचा आरोपी एकच: काडतुसं. मलाही ते सोयीचं होतं. पिस्तूल मी जुनं, दुसऱ्या नेमबाजाकडून घेतलेलं होतं, आणि आपल्या वस्तूत खोट आहे असं कुणाला म्हणावंसं वाटतं?

एका मैत्रिणीनं तशाच दुसऱ्या डब्यातली २० काडतुसं तिच्या पिस्तुलातून मारली. वीसच्या वीस वाजली.

मग गाठलं शस्त्रदुरुस्तीचं परवानाधारक दुकान. तिथले मिस्त्री सत्तरीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आधी माझा परवाना पाहून वहीत नोंद केली. "मामा, रिकामं आहे हं," मी म्हटलं. "असू दे की," म्हणत त्यांनी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये बॅटरी मारली आणि शेवटी करंगळीचं टोकही लावून पाहिलं. त्यांच्या टेबलावर येणारं प्रत्येक शस्त्र भरलेलंच असतं, निदान तोवर.

मला वाटलं होतं, आता पिस्तूल खोलतील. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, "पुंगळ्या आणल्यात?" मी फक्त फुसकी काडतुसं आणली होती. वाजलेल्यांच्या पुंगळ्याही हव्यात म्हणून मला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही ढीग शेजारी मांडून ते डोळ्याला भिंग लावून बसले आणि पाऊण तास जवळजवळ काही बोललेच नाहीत.

पॉइंट टू-टूच्या काडतुसाची गंमत त्याच्या कडेत आहे. मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध पेटवणारी टोपी असते. याला ती नसते. पेटणारं मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत, आतून गोल पसरलेलं असतं. पिन त्या कडेवर आपटते, कड चेंबरच्या काठावर चेचली जाते, मिश्रण चिरडून ठिणगी पडते. त्यामुळे पिन कुठे बसली, किती खोल बसली, तिचं टोक कसं आहे, हे सगळं पितळेवर उमटतं. मामांनी भिंग माझ्याकडे दिलं. वाजलेल्या पुंगळीवरची खूण छिन्नीच्या घावासारखी आयताकृती हवी होती. तिचा एक कोपरा गायब होता. फुसक्यांवर तर नखानं ओरखडल्यासारखी उथळ रेघ.

"टोक तुटलंय," मामा म्हणाले. पिस्तूल अजून उघडलंही नव्हतं.

उघडल्यावर खरोखरच पिनेच्या टोकाचा टवका उडालेला दिसला. त्याखेरीज पिनेच्या खाचेत काळा चिकटा साचला होता: गोळीवरचं मेण, जळलेल्या दारूची काजळी आणि माझं तेल. तेल जरा जास्तच. यंत्राला तेल म्हणजे देवाला तेल असं समजून मी दर आठवड्याला ओतत होते. ते घट्ट झालं की पिनेचा जोर तिथेच मरतो. मामांनी रॉकेलनं सगळं धुतलं, कोरडं केलं आणि पुन्हा तेल घातलंच नाही.

नवी पिन परदेशातून यायला सात आठवडे लागले. ती बसवली, ५० काडतुसं मारली. ३ फुसकी.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पिस्तूल विकायचा विचार केला. मामांचा चेहरा मात्र उजळला. या तीन काडतुसांवरची खूण आता पूर्ण होती, चारही कोपरे शाबूत, खोलीही चांगली. म्हणजे घाव नीट बसतोय, तरी काडतूस पेटत नाही. त्यांनी नळी सुटी करून दिव्याखाली धरली. चेंबरच्या काठावर, पिन जिथे येते बरोबर तिथे, एक बारीक खळगा होता आणि त्यातलं पोलाद आतल्या बाजूला ढकललं गेलं होतं. नख फिरवलं की अडकायचं.

"ताई, सुपारी उशीवर ठेवून फुटंल का?"

काडतुसाच्या कडेला मागून घाव आणि पुढून आधार, दोन्ही लागतात. आधाराच्या जागीच खळगा असेल तर कड चेचली न जाता नुसती वाकते. खूण झकास दिसते, ठिणगी पडत नाही.

पण खळगा पडलाच कसा? उत्तर मला ठाऊक होतं आणि सांगायची लाज वाटत होती. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर मी भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर रोखून रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबत असे. आमच्या भाषेत 'ड्राय'. आवाज नाही, खर्च नाही, हात स्थिर होतो. प्रत्येक प्रशिक्षक ते करायला सांगतो. चेंबरमध्ये काडतूस नसलं की पिनेला अडवायला पितळ नसतं, आणि ती सरळ पोलादाच्या काठावर जाऊन आपटू शकते. रोजचे शंभर घाव धरा. मीच माझ्या पिस्तुलाला छिन्नी लावत बसले होते.

शेवटी सांगून टाकलं, पण मामांना हे पुरेसं वाटलं नाही. अशा पिस्तुलात पिनेला एक लांबट खाच असते आणि तिच्यातून आडवी खुंटी जाते; पिन काठाच्या किंचित अलीकडे थांबावी, म्हणूनच ती खुंटी. मग ही पिन काठापर्यंत पोहोचते कशी? त्यांनी ती आडवी खुंटी पंचानं ठोकून बाहेर काढली, तळहातावर घेतली, कानशीवर घासून पाहिली. मऊ. मधोमध वाकलेली. ती मुळातली खुंटीच नव्हती. आधीच्या कुणी तरी हरवलेल्या खुंटीच्या जागी लोखंडी तारेचा तुकडा कापून घातला होता. तार हळूहळू वाकत गेली, पिन केसाएवढी पुढे सरकत गेली, काठाला खळगा पडला, आणि पोलादावर आपटून आपटून पिनेचंही टोक उडालं. तीन बिघाड, आणि सुरुवात शेंगदाण्याएवढ्या तारेपासून. ज्यानं ती घातली त्याचं काम तेव्हा नक्कीच भागलं असणार.

मामांनी कडक पोलादाची खुंटी बसवली. खळग्यासाठी निमुळती, आरशासारखी चकचकीत पोलादी सळई घेतली. ती चेंबरमध्ये बेतानं दाबून, फिरवून त्यांनी आत ढकललेलं पोलाद परत जागेवर लोटलं. याला ते इस्त्री म्हणतात. इथे कानस चालत नाही. कानस धातू खाते, आणि खाल्लेला धातू परत येत नाही. अर्ध्या तासाच्या इस्त्रीत ते सहा वेळा थांबले, बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा दाबलं.

नंतर रेंजवर मी १०० काडतुसं मारली. सगळी वाजली. वाजलेल्या पुंगळ्या डब्यात भरून मामांना दाखवायला नेल्या, तर त्यांनी त्यातल्या दहाएक भिंगाखाली पाहिल्या आणि मान हलवली. तारेचा तो तुकडा कागदात गुंडाळून त्यांनी मला दिला. वर सांगितलं, "ड्राय बंद करू नका. आत कायतरी मऊ घाला." भिंतीत स्क्रू बसवायच्या आधी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी काडतुसाच्या जागी सैल बसते, पिनेचा मार झेलते आणि चिरडली की फेकून देता येते. कुठल्या मापाची घ्यायची ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

दर दोन महिन्यांनी मी हार्डवेअरच्या दुकानातून त्या गिट्ट्यांचं पाकीट आणते. परवा दुकानदारानं न राहवून विचारलं, "ताई, घरात एवढ्या तसबिरी लावताय तरी कुणाच्या?"