टोला उजवीकडे का वळतो?

मंडळी, खानदेशात गॉल्फ कुठला, असे तुम्ही म्हणाल. पण 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याचे उदयन माने हा खेळ खेळले, आणि जळगाव-धुळ्याची मुलेही आता त्याविषयी विचारू लागली आहेत.

लांब टोल्याच्या काठीला ड्रायव्हर म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा टोला पुष्कळदा उजवीकडे वळतो, हाच ‘स्लाइस’. काठी ज्या दिशेने जाते तिच्यापेक्षा तिचे तोंड उजवीकडे उघडे राहिले, की चेंडू तिरक्या आसावर फिरतो आणि वळतो. मग खेळणारा काय करतो? डावीकडे रोख धरून उभा राहतो. इथेच फसगत! काठी आणखी बाहेरून आत येते, चेंडू अधिकच वळतो.

म्हणून आधी उभे राहणे तपासा. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत हवा. फार पुढे ठेवला तर खांदे नकळत डावीकडे फिरतात. शिक्षकांनो, दोन तुराट्या जमिनीवर टाका (पऱ्हाटी नको, ती वाकडी): एक चेंडूपलीकडे निशाणाच्या रोखाने, दुसरी तिला समांतर, पावलांपुढे. तिसरी मुलाच्या खांद्यांना आडवी लावा. ती जमिनीवरच्या दोघींशी जुळली नाही, तर त्याला अजून टोला मारू देऊ नका.