अमेरिकेतील घरपट्टी व प्राप्तिकराची वजावट

अमेरिकेत स्वतःचे घर असलेल्या गृहस्थाला तीन ठिकाणी कर द्यावा लागतो. प्राप्तिकर केंद्र सरकार घेते, बहुतेक राज्येही घेतात, आणि घरपट्टी गाव घेते. ही घरपट्टी आपल्याकडच्यासारखी किरकोळ नव्हे. गावच्या शाळांचा मोठा खर्च तिच्यातूनच भागतो. न्यू जर्सीत ती वर्षाला दहा-बारा हजार डॉलर असणे ही नवलाची गोष्ट नाही.

१९१३ साली केंद्रीय प्राप्तिकर सुरू झाला तेव्हापासून राज्याला व गावाला दिलेला कर उत्पन्नातून वजा करता येत असे. जो पैसा हाती उरलाच नाही त्यावर पुन्हा कर कशाला, हा त्यामागील न्याय. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून या वजावटीला १०,००० डॉलरांची मर्यादा घातली. चमत्कारिक गोष्ट ही, की एकट्या माणसाला १०,००० आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या पतिपत्नींनाही तेवढेच !

एडिसनच्या परिसरात मराठी कुटुंबांची वस्ती बरीच आहे. तेथील एखाद्या जोडप्याची घरपट्टी १२,०००, राज्याचा प्राप्तिकर ६,००० व घराच्या कर्जाचे व्याज १२,००० डॉलर आहे असे समजावे. एकूण वजावट ३०,००० झाली असती. मर्यादेमुळे ती २२,००० वर आली. त्याच कायद्याने हिशेब न दाखविता मिळणारी ठोक वजावट जोडप्यासाठी २४,००० केली होती, तेव्हा तीच घेणे भाग पडले. व्याजाची सवलत कागदावर राहिली, उपयोगाची राहिली नाही. मर्यादा नसती तर २२ टक्के दराने १,३२० डॉलर कर वाचला असता. अर्थात कराचे दरही तेव्हा उतरविले होते, म्हणून प्रत्येकाचा एकूण कर वाढलाच असे नव्हे. भाडेकरूला तर ही सवलत कधीच नव्हती, जरी घरमालकाची पट्टी भाड्यातून तोच भरीत असला तरी.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकट व मेरीलँड ही राज्ये २०१८ साली न्यायालयात गेली, पण हरली.

जुलै २०२५ च्या कायद्याने त्या वर्षासाठी मर्यादा ४०,००० केली. २०२९ पर्यंत ती दरसाल एक टक्क्याने वाढेल आणि २०३० मध्ये पुन्हा १०,००० वर येईल. लाभ झाला तो मुख्यतः मोठ्या घरांना. वरील जोडप्याची ३०,००० ची वजावट आता पूर्ण धरली जाते खरी. पण ठोक वजावटच २०२५ साली ३१,५०० झाली असल्याने त्यांच्या पदरी नव्या मर्यादेतून काहीच पडले नाही.